स्कॅनरवर पोलिसांचं वायरलेस ऐकलं, एन्क्रिप्शन उघडलं, तर तो गुन्हा ठरतो का?

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपेत. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं किल्लारी आणि आसपासची गावं काही सेकंदांत ढिगाऱ्याखाली गेली. ६.२ तीव्रतेच्या या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १० हजार माणसं गेली.

त्या वेळी भारतात मोबाइल नव्हता. देशातला पहिला मोबाइल कॉल झाला तो जवळपास दोन वर्षांनी, ३१ जुलै १९९५ रोजी. त्यामुळे पोलिसांचं बिनतारी यंत्र, लष्कराची संपर्क यंत्रणा आणि मदतीला धावलेले हौशी रेडिओचालक, ज्यांना आपण 'हॅम' म्हणतो, यांच्या आवाजावर बरंच काही अवलंबून होतं.

आज परिस्थिती उलटी आहे. प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि काही हजार रुपयांत लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हरही मिळतो. "पोलिसांचं वायरलेस घरबसल्या ऐका", "एन्क्रिप्टेड सिग्नल असा उघडा" असे व्हिडिओ आणि रील तुमच्याही फीडमध्ये आले असतील. भूकंपाचा धक्का बसला, पूर आला, कुठे दंगल झाली की असलं काही करून पाहायचा मोह अनेकांना होतो.

पण भारतात हे कायदेशीर आहे का? नुसतं ऐकलं तर काय होतं? आणि कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड संदेश उघडला तर काय? एकेक प्रश्न पाहू.

थोडक्यात उत्तर

- जे प्रसारण सगळ्यांसाठी आहे ते ऐकायला हरकत नाही. आकाशवाणी, एफएम, शॉर्टवेव्हवरची परदेशी केंद्रं यात येतात.
- पोलीस, लष्कर, विमानतळ, रेल्वे किंवा खासगी कंपनीचं रेडिओवरचं बोलणं तुमच्यासाठी नसतं. ते मुद्दाम पकडून ऐकणं कायद्याच्या कचाट्यात आणू शकतं, मग ते एन्क्रिप्टेड असो वा नसो.
- एन्क्रिप्टेड संदेश परवानगीशिवाय उघडणं हा सर्वांत धोक्याचा भाग. तिथे "चुकून ऐकू आलं" असं म्हणायला जागा राहत नाही.
- ऐकलेलं रेकॉर्ड करून व्हायरल केलं तर आणखी वेगळे गुन्हे लागू शकतात.

स्कॅनर म्हणजे नेमकं काय?

घरातला रेडिओ आपण हाताने एका स्टेशनवर लावतो. स्कॅनर हे काम स्वतः करतो. ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सी तो एकामागून एक तपासतो आणि जिथे कुणी बोलतंय तिथे थांबतो.

पूर्वी असे स्कॅनर महाग असत. २०१२ च्या सुमारास चित्र बदललं. कॉम्प्युटरवर टीव्ही पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या एका स्वस्त यूएसबी ट्यूनरची चिप थेट कच्चा सिग्नल कॉम्प्युटरकडे पाठवू शकते, हे हौशी मंडळींच्या लक्षात आलं. बाकीचं काम सॉफ्टवेअर करतं. यालाच सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ किंवा 'एसडीआर' म्हणतात. पेन ड्राइव्हएवढं हे उपकरण साधारण २४ मेगाहर्ट्झपासून १,७०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी पकडतं. एफएम रेडिओ, विमानांचं बोलणं, वॉकी-टॉकी, हवामान उपग्रह, असं बरंच काही या पट्ट्यात येतं.

म्हणजे उपकरण एकच आहे. त्यावर काय ऐकायचं, यावर कायदा ठरतो.

'डिजिटल' आणि 'एन्क्रिप्टेड' यात काय फरक आहे?

इथे बहुतेकांची गफलत होते, म्हणून हे नीट समजून घेऊ.

जुन्या अ‍ॅनालॉग वायरलेसवर आवाज जसाच्या तसा लहरींवर स्वार होऊन जातो. योग्य फ्रिक्वेन्सी लावली की कुणालाही ऐकू येतो. डिजिटल वायरलेसमध्ये आवाजाचे आधी आकडे होतात. साध्या रेडिओवर ते नुसत्या खरखरीसारखे वाटतात. पण आकडे कसे करायचे याची पद्धत जाहीर असते, त्यामुळे योग्य सॉफ्टवेअर असेल तर त्यांचा पुन्हा आवाज करता येतो. याला डिकोडिंग म्हणतात. इथे कुलूप नसतं, फक्त लिपी वेगळी असते.

एन्क्रिप्शनमध्ये त्या आकड्यांना कुलूप लावलं जातं. किल्ली फक्त बोलणाऱ्याकडे आणि ऐकणाऱ्याकडे असते. किल्लीशिवाय आवाज परत मिळवणं म्हणजे कुलूप तोडणं. याला डिक्रिप्शन म्हणतात.

छतावरच्या डिशचं उदाहरण घ्या. डीडी फ्री डिशचे अनेक चॅनेल कुलूपाशिवाय येतात. साधा सेट-टॉप बॉक्स लावला की दिसतात, दर महिन्याला पैसे भरावे लागत नाहीत. पैसे भरून पाहायचे चॅनेलही त्याच आकाशातून तुमच्या छतावर पडतात, पण ते कुलूपबंद असतात. पहिल्यासाठी नुसता बॉक्स पुरतो. दुसऱ्यासाठी कुणी बनावट कार्ड घालून चॅनेल उघडले तर ती चोरी आहे हे कुणालाही सांगावं लागत नाही. "सिग्नल तर माझ्याच छतावर पडत होता" हे उत्तर तिथे चालत नाही.

वायरलेसमध्ये कुलूपंही सारखी नसतात. काही स्वस्त डिजिटल वॉकी-टॉकींमध्ये 'बेसिक प्रायव्हसी' नावाचं फार कमकुवत कुलूप असतं. गंभीर कामासाठीच्या यंत्रणांमध्ये २५६ बिटांच्या किल्लीचं एईएस एन्क्रिप्शन असतं, ते सगळ्या शक्य किल्ल्या लावून पाहून उघडणं आजच्या कॉम्प्युटरला जमत नाही. मात्र कुलूप कमकुवत होतं म्हणून ते तोडणं कायदेशीर होत नाही. कच्च्या कडीचं दार ढकलून आत शिरणाराही घुसखोरच ठरतो.

भारतातला कायदा काय सांगतो?

यासाठी तीन कायदे पाहावे लागतात.

*१८८५ चा भारतीय तार कायदा.* तारेच्या जमान्यातला हा इंग्रजांचा कायदा. संपर्कयंत्रणा उभारण्याचा मूळ हक्क त्याने सरकारकडे ठेवला. संदेश जाणून घेण्यासाठी तार कार्यालयात घुसणं किंवा तारा-यंत्रांशी छेडछाड करणं हा गुन्हा ठरवला. त्याच्या भाषेत चोर म्हणजे तारेला हात लावणारा माणूस. लांब बसून हवेतला संदेश ऐकणारा माणूस त्या काळात कुणाच्या डोक्यातही नव्हता.

*१९३३ चा भारतीय बिनतारी तार कायदा.* रेडिओ आल्यावर ही पोकळी भरून काढली. या कायद्याने बिनतारी उपकरण परवान्याशिवाय जवळ बाळगण्यालाच बंदी घातली. यात फक्त बोलायचं यंत्र नाही, ऐकायचं यंत्रही येतं. आपल्या आजी-आजोबांना घरातल्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन लायसन्सची फी भरावी लागायची, ती याच व्यवस्थेमुळे. १९८० च्या दशकात साध्या रेडिओचं ते लायसन्स गेलं, पण तत्त्व राहिलं: सूट नसेल तर परवाना हवा. या कायद्यात रिसीव्हर विनापरवाना बाळगल्याबद्दल पहिल्यांदा १०० रुपयांपर्यंत दंड होता. ट्रान्समीटर विनापरवाना बाळगला तर मात्र ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती.

*दूरसंचार कायदा, २०२३.* या दोन्ही जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी हा आणला गेला. २४ डिसेंबर २०२३ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. आपल्या प्रश्नासाठी त्यातलं कलम ४२ महत्त्वाचं आहे. ते २६ जून २०२४ पासून लागू आहे.

या कलमानुसार, जो कुणी बेकायदा संदेश 'इंटरसेप्ट' करतो, म्हणजे मधेच पकडतो, किंवा दूरसंचार जाळ्यात परवानगीशिवाय शिरकाव करतो वा तसा प्रयत्न करतो, त्याला ३ वर्षांपर्यंत कैद, २ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन देणं न देणं कोर्टाच्या हाती असतं.

१०० रुपये दंडापासून २ कोटींपर्यंतचा हा प्रवास लक्षात घ्या. "रिसीव्हरला काय होतंय, शंभर रुपये दंड" असं सांगणाऱ्या जुन्या पोस्ट अजूनही फिरतात. त्यांच्या भरवशावर राहू नका.

नव्या कायद्यात 'संदेश' या शब्दाची व्याख्याही मोठी आहे. खूण, सिग्नल, मजकूर, चित्र, आवाज, व्हिडिओ, डेटा असं सगळं त्यात येतं. शिवाय संदेश एन्क्रिप्टेड असेल तरच गुन्हा, असं कलम कुठेही म्हणत नाही. "पोलिसांनी कुलूप लावलं नव्हतं, ही माझी चूक कशी?" हा युक्तिवाद म्हणूनच कच्चा आहे.

मग कानावर चुकून पडलं तर?

रेडिओ लावता लावता एखादं बोलणं कानावर पडू शकतं. एक गोष्ट चुकून ऐकू येणं आणि दुसरी रोज त्याच फ्रिक्वेन्सीवर बसून, रेकॉर्ड करून, यादी करून ऐकणं, या दोन्हींत हेतूचा फरक आहे आणि कोर्टात हेतू पाहिला जातो.

एन्क्रिप्शनच्या बाबतीत हा बचाव उरत नाही. किल्ली शोधायला सॉफ्टवेअर घ्यावं लागतं, सिग्नल साठवावा लागतो, तासन्‌तास प्रयत्न करावे लागतात. यातलं काहीच चुकून होत नाही. कुलूप तोडणं हाच हेतूचा पुरावा ठरतो.

जागतिक पातळीवरही हाच नियम आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीच्या कलम १७ नुसार, आम जनतेसाठी नसलेलं रेडिओवरचं बोलणं विनापरवाना पकडणं आणि त्यातला मजकूर उघड करणं, या दोन्हींना आळा घालण्याची जबाबदारी सदस्य देशांवर आहे. भारत त्यापैकी एक आहे.

'हवेतल्या लहरी सगळ्यांच्या' हे खरं नाही का?

सोशल मीडियावर हा युक्तिवाद हमखास येतो आणि तो अर्धा खरा आहे.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात निकाल दिला. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या हक्कावरून तो खटला होता. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं न्यायालय म्हणालं. पण त्याच निकालात पुढचं वाक्यही आहे, जे पोस्टमध्ये नसतं: सार्वजनिक आहेत म्हणूनच त्यांचा वापर सार्वजनिक यंत्रणेने नियंत्रित केला पाहिजे, लोकांच्या हितासाठी.

गावातला रस्ता सगळ्यांचा असतो. पण त्या रस्त्याने जाणाऱ्या पोस्टमनच्या पिशवीतली पत्रं सगळ्यांची नसतात. लहरी म्हणजे रस्ता, संदेश म्हणजे पत्र.

शिवाय २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. रुग्णवाहिकेच्या वायरलेसवर कुणाचा पत्ता आणि आजार सांगितला जात असेल, तर तो त्या माणसाचा खासगीपणा आहे.

कुलूप तोडल्यावर आणखी कोणते कायदे लागू शकतात?

दूरसंचार कायद्याशिवाय आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची कलमं ४३ आणि ६६. आजची डिजिटल वायरलेस यंत्रणा कॉम्प्युटरवरच चालते. त्यात परवानगीशिवाय शिरलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

दुसरी, शासकीय गुपिते कायदा, १९२३. देशाच्या सुरक्षेला बाधक हेतूने गुप्त सरकारी सांकेतिक शब्द किंवा पासवर्ड मिळवणं, नोंदवणं, इतरांना देणं हा यात गुन्हा आहे. लष्कराशी संबंध असेल तर शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. हौसेपोटी सुरुवात केलेल्या मुलाला हे कलम लागेलच असं नाही, पण लष्करी किंवा सीमेवरच्या संदेशांशी खेळणं किती महागात पडू शकतं ते यावरून कळतं.

तिसरी, ऐकलेलं पसरवणं. लैंगिक अत्याचाराच्या घटनेत पोलीस वायरलेसवर पीडितेचं नाव किंवा पत्ता आला आणि तुम्ही ती क्लिप टाकली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली वेगळा गुन्हा होतो. आपत्तीच्या वेळी खोटा इशारा पसरवून घबराट केली तर आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ खाली १ वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

पोलिसांचं बोलणं गुप्त असावं असं का?

लोकांनी पोलिसांवर लक्ष ठेवलं तर बिघडलं कुठे, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत पत्रकार अनेक दशकं स्कॅनर ऐकून बातमी गाठत आले. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ पासून आपलं वायरलेस एन्क्रिप्ट करायला घेतलं तेव्हा तिथल्या पत्रकारांनी पारदर्शकतेचा मुद्दा मांडून विरोध केला.

पण दुसरी बाजू महाराष्ट्राने फार जवळून पाहिली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात टीव्हीवर कमांडो कारवाईचं थेट चित्रण चालू होतं. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते पाहून अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. कसाब खटल्याच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. जे टीव्हीच्या चित्रामुळे घडलं, तेच उघड्या वायरलेसमुळेही घडू शकतं.

त्याच हल्ल्याची आणखी एक बाजू आहे. अतिरेकी आणि सूत्रधारांमधलं बोलणं आपल्या यंत्रणांनी पकडलं आणि तेच पुढे खटल्यात महत्त्वाचा पुरावा ठरलं. तेही दुसऱ्याचं बोलणं ऐकणंच होतं. फरक इतकाच की ते कायद्याने नेमलेल्या यंत्रणेने केलं.

सरकार मात्र हवं ते ऐकू शकतं का?

नाही, निदान कायद्यानुसार तरी नाही. १८ डिसेंबर १९९६ रोजी पीयूसीएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगवर बंधनं घातली. आज ६ डिसेंबर २०२४ रोजी अधिसूचित झालेले नियम लागू आहेत. केंद्रात गृहसचिव आणि राज्यात राज्याचे गृहसचिव यांच्याच आदेशाने संदेश पकडता येतात. तातडीच्या प्रसंगी ठरावीक वरिष्ठ अधिकारी आदेश देऊ शकतात, पण त्याला ७ कामकाजाच्या दिवसांत मंजुरी लागते. एक आदेश ६० दिवस चालतो, वाढवून जास्तीत जास्त १८० दिवस. त्यावर आढावा समितीची नजर असते.

एन्क्रिप्टेड माहिती उघडून मागण्याचा अधिकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ मध्ये आहे. तोही अशाच लेखी आदेशाने चालतो. थोडक्यात, पोलीस निरीक्षकालाही स्वतःच्या मर्जीने कुणाचा संदेश उघडता येत नाही. मग सामान्य नागरिकाला तो अधिकार असण्याचा प्रश्नच येत नाही.

लहरींवर नजर ठेवायला केंद्राची वेगळी संस्था आहे, वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन. कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर विनापरवाना बोलतंय, कुणामुळे कुणाला अडथळा होतोय, हे ती तपासते. उपग्रहांच्या सिग्नलवर लक्ष ठेवणारं तिचं आंतरराष्ट्रीय केंद्र मराठवाड्यातच, जालन्याला आहे.

परदेशातले व्हिडिओ पाहून करून बघावं का?

इथेच अनेक जण फसतात. अमेरिकेत सर्वांना सहज मिळणारं, कुलूप नसलेलं पोलीस किंवा अग्निशमन दलाचं वायरलेस ऐकायला केंद्रीय कायदा परवानगी देतो. म्हणून तिथले लोक बिनधास्त व्हिडिओ टाकतात. पण त्याच अमेरिकी कायद्यात स्क्रॅम्बल किंवा एन्क्रिप्ट केलेला संदेश 'सहज मिळणारा' मानला जात नाही. तो उघडणं तिथेही गुन्हा आहे.

ब्रिटनमध्ये नियम आपल्या जवळचा आहे. तिथल्या २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याच्या कलम ४८ नुसार तुमच्यासाठी नसलेला संदेश जाणून घेण्याच्या हेतूने ऐकणं आणि त्यातलं उघड करणं, दोन्ही गुन्हे आहेत.

व्हिडिओ टाकणारा टेक्सासमध्ये बसलेला असतो. करून पाहणारा औशात किंवा नांदेडात असतो. कायदा करून पाहणाऱ्याच्या गावचा लागतो.

संशोधन म्हणून केलं तर?

दोन घटना पाहा. जगातल्या अनेक देशांचे पोलीस 'टेट्रा' नावाची डिजिटल वायरलेस प्रणाली वापरतात. २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तिच्यातल्या त्रुटी जाहीर केल्या. टीईए१ या एन्क्रिप्शनची किल्ली ८० बिटांची सांगितली जात होती, प्रत्यक्षात ती ३२ बिटांइतकी कमकुवत केलेली होती. संशोधकांनी स्वतः विकत घेतलेल्या यंत्रावर काम केलं, संबंधित यंत्रणांना आधी कळवलं, दुरुस्तीला दीड वर्षाहून जास्त वेळ दिला आणि मग जगाला सांगितलं.

दुसरी घटना स्लोव्हेनियातली. तिथल्या एका विद्यार्थ्याने पोलिसांच्या टेट्रा जाळ्यात एन्क्रिप्शन नीट चालू नसल्याचं शोधलं. त्याने पोलिसांना कळवलं होतं. दखल घेतली जात नाही असं वाटल्यावर त्याने ते जाहीर केलं. २०१६ मध्ये त्याला १५ महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. त्याने दाखवलेली त्रुटी खरी होती, तरीही शिक्षा झाली, कारण ज्या जाळ्यावर त्याने प्रयोग केले ते त्याचं नव्हतं.

शिकायचंच असेल तर स्वतःच्या दोन यंत्रांमधला, स्वतःच पाठवलेला सिग्नल वापरा, तोही परवाना लागत नाही अशा पट्ट्यात.

मग कायदेशीरपणे काय ऐकता, बोलता येतं?

बरंच काही!

- *प्रसारण:* मध्यम लहरी, शॉर्टवेव्ह, एफएम. जुन्या रेडिओवर रात्री लांबच्या देशाचं केंद्र लागण्यातली मजा अजून गेलेली नाही.
- *हॅम रेडिओ:* वयाची १२ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परवाना देते. 'जनरल' आणि 'रिस्ट्रिक्टेड' अशा दोन श्रेणी आहेत. परवाना मिळाला की तुम्हाला व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारी स्वतःची ओळख, म्हणजे कॉल साइन मिळते.
- *उपग्रह:* आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून हॅमसाठी १४५.८०० मेगाहर्ट्झवर प्रसारण होतं. इस्रोनेही ५ मे २००५ रोजी हॅमसाठी 'हॅमसॅट' नावाचा उपग्रह सोडला होता. तो २०१४ पर्यंत चालला.
- *परवानामुक्त वॉकी-टॉकी:* ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त यंत्रांना २०१८ च्या नियमांनी सूट दिली आहे. शेतात, लग्नात, ट्रेकला ती पुरतात.

ऑनलाइन दिसणारी प्रत्येक वॉकी-टॉकी मात्र या पट्ट्यातली नसते. परवाना लागतो हे न सांगता अशी यंत्रं विकली जात असल्यामुळे मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डिजिटल विक्री मंचांना १३ नोटिसा काढल्या. घेण्याआधी फ्रिक्वेन्सी आणि मान्यता प्रमाणपत्र दोन्ही तपासा.

किल्लारीशी याचा काय संबंध?

किल्लारीच्या मदतीला आलेल्या हॅम मंडळींचा एक नियम फार कमी जणांना माहीत असतो. हॅमला एन्क्रिप्शन वापरायची मनाई आहे. त्यांना उघड, समजेल अशा भाषेत बोलावं लागतं, म्हणजे त्यांचं बोलणं कुणीही ऐकू शकतं. आपत्तीत हाच गुण उपयोगी पडतो. किल्लीचा घोळ नाही, यंत्रणा जुळण्याची वाट पाहणं नाही, ज्याच्याकडे रेडिओ आहे तो मदतीला येऊ शकतो.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. हॅमच्या कानावर त्याच्यासाठी नसलेला संदेश पडला, तर तो त्याने कुणालाही सांगायचा नाही, लिहून ठेवायचा नाही, त्याचा वापर करायचा नाही. अपवाद फक्त अधिकृत सरकारी अधिकारी आणि न्यायालयाचा. म्हणजे ज्याला सगळ्यांत जास्त ऐकू येतं त्याच्यावरच तोंड बंद ठेवायचं बंधन आहे.

पश्चिम बंगालमधल्या हॅमनी हेच करून दाखवलं. सीमाभागात रात्री सांकेतिक भाषेतलं संशयास्पद बोलणं ऐकू आलं तेव्हा त्यांनी ते स्वतः उलगडत बसण्याऐवजी केंद्र सरकारच्या यंत्रणेला कळवलं.

आपल्याकडे भूकंपाची भीती अजून गेलेली नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली, नांदेड, परभणी भागात ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. असा धक्का बसला की पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर "अजून मोठा येणार आहे" सुरू होतं. त्यात कुणी "पोलिसांच्या वायरलेसवर ऐकलं" असं जोडलं की अफवेला वजन येतं. वायरलेसवरचं बोलणं तुटक असतं. "गाव रिकामं करा" हे वाक्य सरावासाठी होतं, एका पडक्या वाड्यासाठी होतं की खरंच गावासाठी, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. अर्धं वाक्य ऐकून केलेला एक फॉरवर्ड शेकडो घरांना थंडीत, पावसात रस्त्यावर बसवू शकतो. १९९३ नंतर किल्लारी परिसरातली माणसं किती रात्री घराबाहेर झोपली, हे तिथल्या कुणालाही विचारा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*एसडीआर डोंगल विकत घेतलं, आता काय?*
आकाशवाणी, एफएम, हॅम आणि उपग्रह एवढ्यावर राहा. शिकायची आवड लागली तर हॅमची परीक्षा द्या. परवाना हातात असला की प्रश्नच कमी होतात. पोलीस, लष्कर, विमान वाहतूक यांच्या फ्रिक्वेन्सी शोधून साठवू नका.

*चुकून पोलिसांचं बोलणं लागलं तर?*
फ्रिक्वेन्सी बदला. रेकॉर्ड करू नका, स्टेटसला टाकू नका.

*एखाद्या गुन्ह्याचं किंवा संकटाचं बोलणं ऐकू आलं तर?*
११२ वर फोन करा. फ्रिक्वेन्सी, वेळ आणि काय ऐकलं ते सांगा. पुढे ग्रुपवर चर्चा नको.

*मित्राने डिक्रिप्ट केलेली क्लिप पाठवली. पुढे पाठवू का?*
नको. कुलूप त्याने तोडलं असलं तरी पुढे पसरवण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.

*पत्रकार असलो तर सूट आहे का?*
दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ मध्ये पत्रकारांसाठी वेगळी सवलत लिहिलेली नाही.

*रेडिओ कायमचा बंदच ठेवावा का?*
मुळीच नाही. मोबाइल टॉवर बंद पडतात, इंटरनेट जातं, तेव्हा बॅटरीवरचा साधा रेडिओ आणि परवाना असलेला हॅम, दोघेही कामाला येतात. तुमच्या तालुक्यात एक जरी हॅम असेल तर पुढच्या आपत्तीत तो किती उपयोगी पडेल याचा विचार करा. हाताशी रेडिओ असेल आणि शिकायची हौस असेल, तर दुसऱ्याचं कुलूप उघडण्यात रात्री घालवण्यापेक्षा त्या परीक्षेचा अर्ज भरा.